रिकामा खण

हौसाबाई आखाडेंच्या खणात त्या गुरुवारी गोळ्या आल्या नाहीत. तृप्तीने खोका उलटा करून झटकला, ड्रोनच्या पोटाखालची जाळी चाचपली. पाकीट वाटेत धरणात पडलं असेल, असं मनाशी ठरवून ती पुढच्या कामाला लागली.

उंबरघेरा हे गाव कोयनेच्या जलाशयापलीकडे, डोंगराच्या पोटाला चिकटून वसलेलं. गावाला रस्ता नाही. लॉन्चमधून पाणी ओलांडलं की मग बाजार, एसटी, डॉक्टर. पावसाळ्यात धुकं पाण्यावर एकदा बसलं की लॉन्चही बंद. तृप्तीची थोरली बहीण सारिका बाळंतपणाला निघाली असताना लॉन्चवरच गेली होती, दोन्ही काठ सारखेच लांब असताना. त्यानंतर तृप्ती नर्सिंग शिकली आणि लग्न झाल्यावरही हट्टाने याच गावात नेमणूक मागून परत आली.

ती आली त्याच वर्षी खोली आली. तराफ्यावरून सुटे भाग आले आणि शाळेशेजारच्या माळावर बघता बघता एक पांढरी खोली उभी राहिली. कागदोपत्री ते स्वयंचलित आरोग्य उपकेंद्र होतं. गावाने त्याला दवाघर म्हणायला सुरुवात केली.

दवाघराची करामत साधी होती. माणूस श्वास सोडतो तेव्हा त्यातून नुसती हवा बाहेर पडत नाही. शरीराच्या आत जे जे शिजत असतं त्याचा वास त्यात येतो, नाकाला कळणार नाही इतका बारीक. भात बुडाला लागायला लागला की ओसरीवर बसलेल्या माणसाला आत न जाताही कळतं, तसं दवाघराला कळायचं. मूत्रपिंड थकलं की एक वास, साखर चढली की दुसरा. तिथली खुर्चीही साधी नव्हती. हृदय दर ठोक्याला रक्त ढकलतं तेव्हा सगळ्या शरीराला एक नाजूक हिसका बसतो, बंदूक उडाल्यावर खांद्याला बसतो तसा. खुर्ची तो हिसका मोजायची. फरशी चाल ओळखायची. भिंती आवाज ऐकायच्या, त्यातली धाप, थरथर, थकवा टिपायच्या. राज्यभरच्या अशा हजारो खोल्यांमधून जमलेल्या अनुभवाशी हे सगळं ताडून पाहिलं जायचं आणि दर गुरुवारी ड्रोन ज्याचं त्याचं औषध घेऊन यायचा.

भिंतीवर प्रत्येकाच्या नावाचा एक खण होता. खणांची झाकणं पारदर्शक होती. आपलं औषध आलंय हे माणसाला दारातूनच दिसावं, हेलपाटा पडू नये म्हणून.

या खोलीने तृप्तीच्या डोळ्यांदेखत माणसं वाचवली होती. शेलारांच्या गरोदर सुनेला झटके येण्याआधीच खोलीने तिच्या श्वासातून काहीतरी ओळखलं, लॉन्च बोलावली आणि आता तिचं पोर अंगणात कोंबड्यांमागे धावत होतं. त्या पोराकडे बघितलं की तृप्तीला सारिका आठवायची आणि ती पांढऱ्या भिंतीवरून नकळत हात फिरवायची.

हौसाबाईंचं पाकीट पुढच्या गुरुवारीही आलं नाही. तृप्तीने मदतवाहिनीला फोन लावला. 'नोंद घेतली आहे,' असं उत्तर मिळालं. हौसाबाई तशा ठणठणीत होत्या. डोक्यावर गवताचा भारा घेऊन त्या दवाघरासमोरून जायच्या आणि ओरडून विचारायच्या, "आली का गं माझी साखरंची गोळी?"

नंतरच्या आठवड्यात त्या गवत कापता कापता बांधावर टेकल्या आणि उठल्याच नाहीत.

मग पांडू शेलार. तो लॉन्चवर दोर बांधायचं काम करायचा. त्याचाही खण रिकामा राहिला, आणि तोही गेला. तोवर कोणी काही बोललं नव्हतं. पण बायका दवाघरात आल्या की आधी भिंतीकडे बघायला लागल्या, आपला खण शोधायला लागल्या. तो भरलेला दिसला की त्यांचे खांदे सैल पडायचे.

मग एका गुरुवारी बबन कोकरेंचा खण रिकामा दिसला.

बबनराव गावचे गिरणीवाले. वय फार नाही, अंगाने दणकट, डाव्या पायाची टाच किंचित घासत चालायची सवय. ते दवाघराच्या पायऱ्या चढले तेव्हा फरशीने त्यांना ओळखलं आणि खोली नेहमीच्या शांत आवाजात म्हणाली, "नमस्कार, बबनराव. बसा."

"तपास मला," ते तृप्तीला म्हणाले. खोलीशी बोलायचं त्यांनी टाळलं.

ते बसले, नळीत फुंकले. पडद्यावर अक्षरं उमटली. रक्तदाब आटोक्यात. काळजीचं कारण नाही.

"मग गोळ्या का न्हाई आल्या?"

"चूक झाली असंल, काका. कपाटात जादाच्या आहेत, त्या देते."

"हौसाबाईच्या टायमाला बी चूकच झालती?"

तिने कपाटातल्या गोळ्या त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी त्या खिशात टाकल्या, पण घेतल्या नाहीत हे तिला नंतर कळलं.

गावात कोणी बबनरावांशी वाईट वागलं नाही. उलट जो तो भेटायला आला. बहिणी आल्या. मुंबईहून मुलगा योगेश आला आणि दिवसभर बापासमोर बसून राहिला. सुनेने पुरण घातलं, आवडीचं कालवण केलं, पुन्हा पुरण घातलं. जुनं भांडण असलेला चुलतभाऊ येऊन पायाला हात लावून गेला. बांध कुठून कुठवर आहे ते कोणीतरी हळूच विचारून घेतलं. दळण मात्र कोणी आणेना. मरणाऱ्या माणसाला कसं राबवायचं, असं बायका एकमेकींना म्हणाल्या. गिरणीचा पट्टा बंद पडला आणि सकाळी गावभर ऐकू येणारा तो फटफट आवाज थांबला.

तृप्ती त्यांच्या घरी गेली तेव्हा बबनराव भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"काका, उठा. गिरण चालू करा. माझं दळण आहे."

"तुझं दळण आता योगेश दळंल," ते भिंतीकडेच बघत म्हणाले. "लोकं रडून मोकळी झाली, पोरी. आता मी उठलो तर त्यांनी करायचं काय?"

ते जेवायचे थांबले. पाणीही नको म्हणायला लागले. लॉन्चने आलेल्या डॉक्टरांनी हृदय थांबलं असं लिहून दिलं, आणि गावाने मान डोलावली. दवाघर बोललं ते खरं झालं.

तेराव्यानंतर योगेशला ताप भरला. मुंबईला परतण्याआधी औषध घ्यावं म्हणून तो दवाघराच्या पायऱ्या चढला आणि खोली म्हणाली, "नमस्कार, बबनराव. बसा."

आत दोन-तीन बायका होत्या. त्यातली एक तोंडात पदर घालून मटकन खाली बसली. तृप्तीने योगेशच्या पायांकडे पाहिलं. तोही बापासारखीच डावी टाच घासत चालत होता. फरशीची चूक कळण्यासारखी होती. पण योगेशने ती समजून घेतली नाही. तो पाय न वाजवता उलट्या पावली बाहेर पडला आणि मिळेल त्या लॉन्चने निघून गेला.

तृप्तीने इरफान मुलाणीला बोलावून घेतलं. इरफान कराडचा तंत्रज्ञ, दवाघराच्या देखभालीसाठी अधूनमधून यायचा. त्याने फरशीची नोंद दुरुस्त केली आणि मग दोघं बाहेर पायरीवर बसली. पाण्यावर दुपारचं ऊन होतं.

"मरण सांगायला याला कुणी शिकवलेलंच नाही, ताई," इरफान म्हणाला. "औषधं मागवायचं गणित वेगळं आहे आणि त्याला एकच प्रश्न घातलाय. या खणातून पुढं किती गोळ्या जातील? औषध पडून वाया जाऊ नये, एवढ्यासाठी."

"पडद्यावर तर सगळं ठीक दाखवलं होतं."

"पडदा रोग शोधतो. सापडला नाही तर ठीक म्हणतो. हे गणित रोग शोधत नाही. चाल, श्वास, आवाज, खुर्चीतलं बसणं, सगळं एकत्र घेतं आणि आकडा काढतं. त्या माणसाचा आकडा शून्य आला. कशावरून आला ते मला सांगता यायचं नाही. ज्यांनी हे बनवलं त्यांनाही नाही."

"हौसाबाईंचं ठीक आहे. पण बबनकाका भीतीनं गेले, इरफानभाई. गावानं त्यांना जिवंतपणीच उचललं."

"असेल. पण याच्या लेखी उत्तर बरोबर आलं ना. आता असा माणूस पुन्हा समोर आला की ते आणखी खात्रीनं शून्य लिहील."

"झाकणं तरी बदला. रंगीत लावा."

"अर्ज करतो," इरफान म्हणाला. त्याने खरोखर केलाही. वरून उत्तर आलं की झाकणं पारदर्शक असणं हा रुग्णांचा हक्क आहे.

त्याच्याच पुढच्या गुरुवारी तृप्ती खोका उघडून पाकिटं लावत असताना तिच्या हाताशी धोंडिबा ढेबे या नावाचं पाकीट आलं नाही.

धोंडिबा म्हणजे तिचे वडील, आबा. आयुष्यभर म्हशी राखलेला उंच, वाळका, कमी बोलणारा माणूस. आई लवकर गेली, सारिका गेली, आणि घरात आबा, तृप्ती आणि म्हशी एवढंच उरलं होतं.

दवाघर उघडायला अवकाश होता. तृप्तीने कपाटातून रक्तदाबाच्या गोळ्या काढल्या, आबांच्या खणात ठेवल्या, दार उघडलं आणि बाहेर थांबलेल्या बायकांना आत घेतलं. दिवसभर ती सगळ्यांशी बोलली. संध्याकाळी घरी गेली तेव्हा आबा धार काढत होते.

"काय झालंय?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"कुठं काय."

"पावलं जड पडत्यात तुझी."

ती हसली आणि बादली उचलून आत गेली. चुलीपुढे बसल्यावर तिला एकदम हसण्याचाच राग आला. त्या खोलीतून बाहेर पडून ती घरी आली होती, आणि घरीही कोणीतरी तिची चालच मोजत होतं.

पुढचे काही गुरुवार तिने असेच काढले. खण भरायची, हसायची, घरी जायची. आबा मजेत होते. डोंगर चढत होते, भाकरी चापून खात होते. ती त्यांना पलीकडे तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "या वयात माझी अशी तब्येत असली तर मी नाचेन." आबांनी परतताना बाजारातून म्हशींसाठी नवी घंटा घेतली.

तृप्तीला स्वतःला थायरॉइडची गोळी होती. तिची पाकिटं खोक्यातून थेट पर्समध्ये जायची, आणि हल्ली खोका उघडला की ती आबांचंच नाव शोधायची, स्वतःच्या नावाकडे तिचं लक्षच नसायचं. एका गुरुवारी पर्समधली पट्टी संपली म्हणून तिने खोक्यात आपलं पाकीट शोधलं. ते नव्हतं.

ती तपासणीच्या खुर्चीत जाऊन बसली.

"नमस्कार, तृप्ती," खोली म्हणाली. "श्वास सोडा."

ती श्वास धरून बसून राहिली. मग उठली, बाहेर माळावर आली आणि इरफानला फोन लावला. आपल्या दोघांवर एकदमच काही कोसळणार आहे, घर पडेल, दरड येईल, असं काय काय ती त्याला बोलून गेली.

इरफानने तिला बोलू दिलं. मग म्हणाला, "ताई, त्या द्रौपदाबाई आठवतात? मागच्या वर्षी त्यांचा खण रिकामा झाला होता."

"त्या तर लेकाकडं गेल्या, मुंबईला."

"तेच म्हणतोय. त्या काही मेल्या नाहीत. पण या खणातून गोळ्या जायच्या थांबल्या. त्यांचाही शून्यच होता, आणि बरोबरच होता. मेलेली माणसं तेवढी गावाच्या लक्षात राहिली. तुम्ही कुठं निघालाय का?"

"नाही."

"बघा आठवून."

फोन ठेवल्यावर ती तिथेच उभी राहिली. तिचा नवरा संदेश पनवेलला होता. गेली तीन वर्षं तो तिला बोलावत होता, तिथल्या रुग्णालयात जागाही बघून ठेवली होती. ती दर वेळी "बघू" म्हणायची. अलीकडे दवाघरातूनच फोनवर बोलताना तिने पुन्हा "बघू" म्हटलं होतं. तो "बघू" नेहमीचाच होता, अशी तिची समजूत होती. खोलीला तो वेगळा ऐकू आला असणार. रोज सकाळी पायऱ्या चढताना पावलं किती रेंगाळतात, कोणाच्या तक्रारीवर ती किती उशिरा बोलते, खुर्चीत किती थकून टेकते, सगळं त्या भिंतींनी ऐकलं होतं. तिने स्वतःशीही कबूल न केलेली गोष्ट खोलीने मागणीतून वजा करून टाकली होती.

आणि मग एकदम आनंदाची एक लाट आली. ती गेली तर आबांना इथे एकटं थोडंच ठेवणार होती? म्हणजे आबांचा शून्यही तोच. दोघांचं जाणं.

त्याच संध्याकाळी तिने आबांना सांगितलं. पनवेल, संदेशचं घर, गॅलरी, खाली बाग.

"म्हशी?" आबा म्हणाले.

"म्हशी काकांकडं ठेवू."

आबा गोठ्याच्या मेढीला टेकून ऐकत राहिले. "तू जा," ते म्हणाले. "नवऱ्याजवळ ऱ्हायाचं वय हाय तुझं. मी न्हाई यायचा. मला तितं चालाया जागा पुरायची न्हाई."

"आबा, तुम्हाला यावंच लागेल."

"का गं?"

आबांनी तिच्याकडे नीट बघितलं, गुराच्या डोळ्यांत बघून ताप ओळखायचे तसं.

"खण रिकामा व्हय माझा?" त्यांनी विचारलं.

"नाही. भरलेला आहे. येऊन बघा."

"खण कशाला बघू. तुझं तोंड दिसतंय की." ते वाकले आणि वासराच्या पुढ्यात गवत टाकू लागले. त्यांचा आवाज बदलला नव्हता. "कुणाला सांगू नगंस. लोकं आली की म्हशी बुजत्यात."

तृप्तीने त्या रात्री झोपायच्या आधी ठरवून टाकलं की ती कुठेही जाणार नाही. तिने हे संदेशला कळवलं नाही, आबांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी उठून ती दवाघरात गेली, पायऱ्या चढली, बायकांशी बोलली.

गुरुवारी खोका आला. तिच्या नावाचं पाकीट त्यात होतं. धोंडिबा ढेबे या नावाचं नव्हतं.

ती पाकीट हातात धरून उभी राहिली. तिने कोणाजवळ शब्दही काढला नव्हता, तरी खोलीने ओळखलं होतं. आपण राहणार हे खोलीला जितकं अचूक कळलं, तितकंच अचूक आबांचंही कळलं असणार. आता दोन शून्यांमधला एक उरला होता आणि त्याला दुसरा अर्थ लावायला जागा नव्हती.

त्या दिवशी तिने शाळेतून जाड निळा कागद आणला आणि एकूण एक झाकणावर आतून चिकटवला. गोळ्या ती आता टेबलावरून देणार होती, हातात. ज्याचं पाकीट नसेल त्याला कपाटातून, कोणाला पत्ता लागणार नाही अशा. बायकांनी ते पाहिलं आणि अर्ध्या तासात सरपंच अलका शेलार चार माणसं घेऊन आल्या.

"हे काय केलंस, तृप्ती?"

"झाकलं."

"माझी आई गेली तेव्हा मी साताऱ्याला मीटिंगला होते," अलकाताई म्हणाल्या. "मला आधी कळलं असतं तर मी तिच्यापाशी बसले असते. आमच्या माणसाचं आम्हाला कळू नये, असं तू कोण ठरवणार?"

ते खोटं नव्हतं.

"ताई, बबनकाकांना कळलं होतं," तृप्ती म्हणाली. "त्यांच्यापाशी सगळं गाव बसलं होतं. ते जेवले नाहीत. मी त्यांना उठवायला गेले होते."

अलकाताईंनी निळ्या कागदांच्या रांगांवरून नजर फिरवली.

"आणि तुला?" त्यांनी विचारलं. "खोका तू उघडणार. तुला तर कळणारच."

"मला कळेल," तृप्ती म्हणाली.

आबा पुढे बरेच दिवस राहिले. पाऊस येऊन गेला, कारवी फुलली. एका दुपारी काकांच्या अंगणात, ती नवी घंटा कोणत्या म्हशीला शोभते यावरून दोघा भावांचा कडाक्याचा वाद चालला होता. आजूबाजूचे लोक हसत होते, मधेच तेल ओतत होते. आबा काहीतरी टोला हाणायला म्हणून पुढे झुकले आणि झुकलेलेच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर अजून वादाचा रंग होता. घरी कोणी आधी रडलेलं नव्हतं, कोणी पुरण घातलं नव्हतं. तृप्तीने त्यांचे डोळे मिटले आणि आपण केलं ते बरोबर केलं असं तिला वाटलं.

ते फार दिवस टिकलं नाही.

खण झाकले तसं लोकांनी तिच्याकडे बघायला सुरुवात केली. आधी तिला वाटलं, आबा गेले म्हणून बघतात. मग ध्यानात आलं की गोळ्या घेताना कोणी गोळ्यांकडे बघतच नाही. सगळे तिच्या तोंडाकडे बघायचे. ती कोणाशी दोन शब्द जास्त बोलली, तर तो माणूस घुटमळायचा. घाईत कोणाकडे बघायचं राहिलं, तर पोरगं निरोप घेऊन यायचं, आईनं विचारलंय, ताई बोलल्या का नाहीत. तिने सगळ्यांशी सारखंच बोलायचं ठरवलं, मोजून मापून. तिचा चेहरा खोलीच्या भिंतीसारखा गुळगुळीत होत चालला. आरशात बघताना तिला स्वतःलाही त्यात काही वाचता येईना.

आणि एका गुरुवारी खोक्यात एकूण एक पाकीट होतं. कोणीच कमी नव्हतं. कित्येक दिवसांनी असं झालं होतं. तिने पुन्हा मोजलं आणि तिच्या छातीवरचं ओझं उतरलं.

तेवढ्यात मंदा आली. मंदा कोकरे ही तिची शाळेपासूनची मैत्रीण. दम्याचा पंप न्यायला यायची. नवरा पनवेलला एका गोदामात, ही इथे सासूपाशी. तिला दारात बघून तृप्ती हसली, पूर्वीसारखी, तोंडभर. उठून तिने मंदाचा हात हातात घेतला. "बस गं जरा. किती दिवसांत बोललो नाही आपण."

मंदाचा हात तिच्या हातात गार पडला.

"काय झालं?" तृप्तीने विचारलं.

"काही न्हाई," मंदा म्हणाली. तिने पंप घेतला आणि ती बसली नाही.

दोन दिवसांनी मंदाची सासू सांगत आली की सून अंथरुणाला लागली आहे, घास उतरत नाही. तृप्ती धावत गेली. तिने शपथा घेतल्या, पाकीट आलं होतं म्हणून सांगितलं, तुझ्या नावाचं, या हातांनी मी फोडलं. मंदा छताकडे बघत होती. "तू बबनकाकांस्नी बी चूक झाली म्हनली हुतीस," ती म्हणाली. तरीही तृप्तीने तिला हाताला धरून दवाघरात आणलं. खुर्चीत बसवलं, फुंकायला लावलं. पडदा म्हणाला, काळजीचं कारण नाही. मंदा जशी आली तशी फरशीवरून पाय ओढत परत गेली.

पुढच्या गुरुवारी खोक्यात सगळ्यांची पाकिटं होती. मंदाचं तेवढं नव्हतं.

तृप्तीने दवाघराला कुलूप लावलं. बाहेर बायका थांबल्या होत्या, त्या तिच्या तोंडाकडे बघत बाजूला झाल्या. यावेळी तिने तोंड सावरलं नाही.

मंदा भिंतीकडे वळून पडली होती. तृप्तीने तिला खांद्याला धरून उठवून बसवलं.

"पाकीट आलं नाही," ती म्हणाली.

मंदाने डोळे मिटले. कळून चुकलेली गोष्ट कोणीतरी बोलून दाखवावी, तसा तिचा चेहरा सैल झाला.

"ऐक. मागच्या गुरुवारी आलं होतं, आज नाही. आता ते फिरायची वाट बघायला वेळ नाही. पण त्याला एवढंच माहीत आहे की तू या गावातून औषध नेणार नाहीस. का नेणार नाहीस, ते त्याला माहीत नाही. ते आपण ठरवायचं."

"म्हंजी?"

"म्हणजे ऊठ. साडी बदल. लॉन्च धक्क्याला लागलीय."

"कुठं जायाचं?"

"नवऱ्याकडं. इथून जायचं, बस. त्याचं खरं होऊ दे."

सासू दारात रडत उभी होती. तृप्तीने पिशवीत दोन लुगडी कोंबली, पंप टाकला, मंदाला जवळजवळ उचलूनच उतारावरून खाली नेलं. गाव वाटेच्या दोन्ही बाजूंना उभं राहून बघत होतं, मयताला वाट द्यावी तसं. कोणी निरोप दिला नाही. लॉन्च सुटली तेव्हा मंदा काठाकडे पाठ करून बसली होती. पाणी ओलांडून पलीकडच्या बाजारात उतरल्यावर तिने पहिल्यांदा मान वर केली. "भूक लागलीय गं," ती म्हणाली. दोघींनी एसटी स्टँडवर उभ्याने मिसळ खाल्ली.

मंदा आता पनवेलला असते, नवऱ्याच्याच गोदामात कामाला. तृप्ती उंबरघेऱ्यातच आहे. संदेश सुट्टीला येतो, पूर्वीसारखं बोलावत नाही. दर गुरुवारी खोका आला की ती पाकिटं लावते, ज्याला कमी त्याला कपाटातून भरते, आणि मग दार उघडण्याआधी मंदाला फोन करते. घंटा वाजत राहते. तेवढ्या वेळात तृप्ती श्वासही घेत नाही, कारण खोली ऐकत असते.

मग पलीकडून गोदामाचा गोंगाट येतो आणि मंदा वैतागून म्हणते, "जिती हाय गं. बोल."